दोनाचं दान

गेल्या शनिवारी रात्री पावणेदोनच्या सुमाराला मी एक फासा उचलून पुन्हा टाकला. आई आतल्या खोलीत झोपली होती. खेळायला मी एकटीच, बघायला कुणी नाही. जेवणाच्या टेबलावर 23 सप्टेंबर 1803 ची संध्याकाळ होत आली होती. असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांच्या रांगेवर ईस्ट इंडिया कंपनीची एक पलटण संगिनी लावून चालून आली होती आणि गोलंदाज तोफांशी टिकतात की जागा सोडतात हे ठरायचं होतं. टिकायला चार किंवा त्याहून मोठं दान हवं. फासा घरंगळत गेला, जुई नदी म्हणून अंथरलेल्या निळ्या कापडाच्या काठाला टेकला आणि थांबला. दोन. कापडाच्या दुमडीमुळे तो जरासा कलला होता, सुतभर. कललेलं दान धरायचं नाही, हा माझाच नियम. मी तो उचलला, परत टाकला, पाच पडले. गोलंदाज टिकले. वहीत लिहिलं, ‘हात 9, मधली तोफांची रांग, दान 5, टिकले’, दिवा मालवला आणि आडवी झाले.

झोप आली नाही. फासा कलला होता हे खरं, पण दोन ठिपके लख्ख दिसत होते. त्याच काठाला, त्याच तिरक्या अंगाने पाच पडले असते तर मी फासा उचलला असता का? पंख्याकडे बघत तीन-चारदा स्वतःला विचारलं आणि दर वेळी उत्तर एकच आलं. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासायची नोकरी करते आहे. चुकून झालेली नोंद आणि ठरवून केलेली नोंद यांतला फरक मला पानावर नजर टाकताच कळतो. चुकलेला माणूस आकडा गिरवतो, खोडतो, शेजारी पुन्हा लिहितो. ठरवून लिहिणाऱ्याचं अक्षर फार स्वच्छ असतं. माझा पाच अगदी स्वच्छ अक्षरातला होता.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. दिवाळीच्या सुट्टीत वाड्याच्या अंगणात किल्ला व्हायचा. खाली विटा आणि दगड, त्यावर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखल. दादा वर बसून बुरूज थापायचा, मी खालून चिखलाचे गोळे द्यायची. चिखलाचा तो थंडपणा आणि नखांत अडकलेली माती भाऊबीजेच्या ओवाळणीपर्यंत जायची नाही. उतारावर अळीव पेरायचे, ते उगवून आले की जंगल झालं. मग कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं मांडायची. सिंहासनावर महाराज, भाल्याचे मावळे, गुहेत वाघ, पायथ्याला गवळण आणि भाजीवाली. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ बुरुजाएवढा, पण ते कधी कुणाला खटकलं नाही. मला खटकायचं ते वेगळंच. आमच्या किल्ल्यावर शत्रू नसायचा. बुरुजाबुरुजावर मावळे भाले रोखून उभे, आणि समोर गवळण. एकदा मी दादाला विचारलं, हे कुणावर भाले रोखून बसलेत? तो चिखल सारखा करत म्हणाला, “येतील की.” कुणी आलं नाही. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा, आणि मावळे, त्यांतले हात तुटलेलेसुद्धा, बिस्किटाच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जायचे.

शत्रू मला चाळीस वर्षांनी मिळाला, बासमतीच्या दाण्याएवढा.

दादाचा मुलगा शिकायला इंग्लंडला गेला होता, त्याने पहिलं पाकीट आणलं. “आत्या, तुला आवडेल,” एवढंच म्हणाला. सहा मिलिमीटर उंचीचे धातूचे शिपाई, चार-चारच्या पट्टीत. तिकडे या खेळाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात आणि खरीखुरी लढाई निवडून, तिचा भूगोल टेबलावर मांडून, इंचपट्टी आणि फासे घेऊन माणसं ती पुन्हा लढतात. मी ते पाकीट महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग एका रविवारी पट्ट्या आईस्क्रीमच्या काड्यांवर गोंदाने चिकटवल्या, काळं प्रायमर मारलं, स्टँडचं भिंग लावलं आणि तीन शून्यांच्या ब्रशने पहिला लाल डगला रंगवला. ते मद्रासकडचे शिपाई होते. लाल डगला, डोक्याला निळं, आणि खाली आखूड जांघ्या. पाय उघडे. एवढ्याशा दाण्यावर गुडघ्यापासून खाली तपकिरी रंगाचा एक ठिपका द्यायचा, तो मी टूथपिकने देते. एका बेसवर चोवीस शिपाई, म्हणजे अठ्ठेचाळीस ठिपके. पहिला बेस पूर्ण झाला तेव्हा मान अवघडली होती आणि बाहेर दूधवाला आला होता. ज्याचे पाय आपण रंगवले त्याला नंतर सहजासहजी मारता येत नाही, हे तेव्हा कळलं नव्हतं.

पुण्याला दोनेक रविवार एकाच्या समोर बसून खेळून पाहिलं. माणूस चांगला होता, पण तो जिंकायला बसला होता आणि मला बघायचं होतं. तेव्हापासून एकटीच खेळते. एकटं खेळणं म्हणजे स्वतःला हरवायचं आणि स्वतःच जिंकायचं, यात काय मजा, असं लोक विचारतात. मजा अशी की दोन्ही खुर्च्यांवर मनापासून बसावं लागतं. माझ्या टेबलाला खरोखरच दोन खुर्च्या आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. शिंद्यांची चाल उत्तरेच्या खुर्चीवरूनच करायची, कंपनीची दक्षिणेच्या. उठून, टेबलाला वळसा घालून, समोर जाऊन बसायचं. तेवढ्या पाच पावलांत डोक्यातला बेत खाली ठेवायला शिकावं लागतं. पत्त्यांचा एक जोड असतो. काळी पानं शिंद्यांची, लाल पानं कंपनीची, जोकर निघाला की हात संपला. त्यामुळे पुढची चाल कुणाची हे मलाही माहीत नसतं. सुरुवातीला दोन्ही सेनापतींचे तीन-तीन बेत कागदावर लिहून फाशावर सोडते. आणि एक नियम ऑरॉकसाठी आहे. कंपनीच्या फौजेतल्या लेफ्टनंट कर्नल ऑरॉकला असई गावापासून लांब राहायचा हुकूम होता. तो चुकून सरळ गावाच्या तोंडाशी गेला, त्याच्यामागे 74 वी पलटण गेली आणि पाचशेतली चारशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. माझ्या टेबलावर हुकूम देताना एक पडला की पलटण हुकूम चुकीचा समजते. हुकूम आणि कान यांच्यामध्ये धूर असतो, तो फाशाने दाखवावा लागतो.

हा खेळ 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात नकाशावर सुरू झाला तेव्हा तिथे दोन बाजूंच्या मध्ये एक पंच असे. दोघांचे हुकूम त्याच्याकडे जात, काय घडलं ते तो सांगे. एकट्याच्या खेळात तिसरी खुर्ची पंचाची, आणि तिच्यावरही आपणच. ती मी टेबलाजवळ मांडलेली नाही. वही हीच ती खुर्ची, असं मी धरून चालले होते. शनिवारी रात्री ती रिकामी होती.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्येच मी असईला जाऊन आले. भोकरदनकडून निघालं की जमीन सपाट वाटते. नकाशावर तर ती फारच सोपी दिसते. केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींकडे येत जातात आणि त्यांच्यामध्ये जिभेसारखा एक पट्टा राहतो. प्रत्यक्षात उतरून चालायला लागल्यावर पहिल्या शंभर पावलांतच माझा नकाशा निकामी झाला. काळ्या मातीने चपला धरल्या. कपाशी छातीपर्यंत आलेली, तिच्यापलीकडचं काही दिसेना. ज्याला मी टेबलावर पाव इंचाचा चढ म्हणून थर्माकोलचा तुकडा ठेवत होते, त्याच्यामागे अख्खी बैलगाडी नाहीशी होत होती. एका शेतकऱ्याने बांधावरून विचारलं, “मोजणीला आल्या का मॅडम?” मी म्हटलं, लढाई बघायला. त्याने मान हलवली आणि हात लांब करून नदीकडे दाखवला, जणू ती अजून चालूच होती.

कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याला वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणेला इथे उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, आणि त्याने ताडलं की मधून वाट असणारच. युद्धशास्त्राच्या पुस्तकांत या तर्काचं फार कौतुक होतं. मला तिथे उभं राहून वाटलं, हे इथल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. समोरासमोरच्या गावांत लेकी दिलेल्या असतात. सणाला माहेरी यायला त्या नदीतूनच येत असणार. त्याच उतारातून दुपारी तीनच्या सुमाराला त्याचं सैन्य गेलं, आणि पाण्यात असतानाच त्याच्या शेजारच्या घोडेस्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं. टेबलावर नदी ओलांडायला मला एक हात लागतो, सहा इंचांऐवजी तीन इंच. त्या घोडेस्वाराला कुठे ठेवायचं हे मला आजवर कळलेलं नाही.

वेलस्लीचा बेत होता बाजूने घुसायचा. पण समोर शिंद्यांची पायदळाची अख्खी ओळ, दहा-अकरा हजार माणसं आणि त्यांच्यासोबतच्या तोफा, काटकोनात वळून त्याच्यासमोर उभी राहिली. कवायती फौजेलाच जमणारं ते वळण होतं. महादजींनी डी बॉइन या युरोपियन सेनानीला हाताशी धरून जे कंपू उभे केले होते त्यांची ती शिस्त. कंपू हा शब्द आपण आता चार टवाळांच्या टोळक्याला वापरतो, त्याची मला नेहमी हळहळ वाटते. गोलंदाजाचं नशीब बरं, तो निदान क्रिकेटच्या मैदानावर तरी मानाने जगतो. त्या दिवशीचे गोलंदाज संगीन छातीला लागेपर्यंत तोफेजवळून हलले नाहीत. हे त्यांच्याशी लढलेल्यांनीच लिहून ठेवलं आहे. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, पलटण त्यांच्यावरून पुढे गेली, मग ते उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी पलटणीच्या पाठीत मारा केला. यासाठीही माझा नियम आहे. जागा सोडलेल्या गोलंदाजांचा बेस मी काढून घेत नाही, तिथेच आडवा ठेवते. शत्रू ओलांडून पुढे गेला आणि सहा पडला तर ते उठतात.

माझा जीव त्या बेसवर आहे. म्हणून तर फासा उचलला.

रविवारी सकाळी आई मेथीची जुडी घेऊन टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर बसली. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्या या पसाऱ्याला ‘तुझं रण’ म्हणते. निवडता निवडता म्हणाली, “ह्यातले आपले कुठले?” मी तोफांकडे बोट दाखवलं. तिने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या, माझं भिंग ओढून घेतलं आणि तोफांऐवजी समोरच्या पलटणीवर धरलं. बराच वेळ बघत राहिली. “ह्यांचे पाय उघडेच आहेत की गं,” म्हणाली. “कुठून आलेत चालत?” मी सांगितलं, मद्रासकडचे, त्या दिवशी पहाटेपासून चालत होते. “काही खाल्लं होतं का त्यांनी?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसाच्या पलटणींची नावं, क्रम, कोण उजवीकडे, कोण डावीकडे, सगळं मला पाठ आहे, आणि हा प्रश्न आठ वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. आई पुन्हा मेथीकडे वळली.

तेव्हापासून मी दिवसभर मनात मोजत होते, आपले कुठले? तोफांच्या मागे उभ्या शिंद्यांच्या पलटणींत बरीच माणसं अवध आणि अंतर्वेदीकडची, त्यांचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा. ज्यांना मी लहानपणापासूनच्या सवयीने आपले म्हणेन ते घोडेस्वार हजारोंनी लांब उभे होते आणि लढाईत फारसे उतरलेच नाहीत. समोर वेलस्लीकडे मेलेल्या 428 जणांत निम्म्याहून अधिक इथलेच, मद्रासचे शिपाई आणि देशी रिसाल्याचे स्वार. आपल्याकडे किती पडले याचा धड हिशेब नाही. त्यांच्या 98 तोफा मोजून घेतल्या गेल्या, माणसं कुणी मोजली नाहीत. हिशेब तपासणारीला हे फार लागतं. जिथे तोफांची मोजदाद आहे आणि त्यांच्यापाशी मेलेल्यांची नाही, अशी वही माझ्याकडे आली असती तर मी ती सही न करता परत पाठवली असती.

आणि इतकं सगळं मांडूनही माझं मन त्या तोफांकडेच जातं, हे मला लपवायचं नाही. दर वेळी डाव मांडताना पोटात तेच येतं, या वेळी टिकू देत. वर्षभरात चारदा असई खेळले, तीनदा तोफा पडल्या. एकदा ऑरॉकला एक पडला नाही, कंपनीच्या मॅक्सवेलचा रिसाला वेळेवर आला नाही आणि अंधार पडेपर्यंत रांग उभी राहिली. त्या रात्री मी एकटीच गच्चीवर जाऊन उभी होते. आनंद झाला होता, पण सांगायचं कुणाला? आणि तो झाला कशाचा? टेबलावर त्या दिवशी ते दोन्ही बाजूंचे उघडे पाय आणि आडवे बेस तसेच होते. मात्र ती रात्र खरी होती, कारण एकही फासा उचललेला नव्हता. शनिवारच्या पाचाने माझ्याकडून ती गोष्टसुद्धा परत मागितली. आता या पाचव्या डावात रांग टिकली असती तरी ती गोलंदाजांनी टिकवली नसती, मी टिकवली असती. जे लोक संगिनीसमोर उभे राहिले त्यांना माझ्या उसन्या दानाची गरज होती असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

रविवारी रात्री आई झोपल्यावर वही काढली. ऑफिसात चुकीची नोंद खोडून काळी करत नाहीत. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि आपली आद्याक्षरं. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. लाल पेनाने पाचावरून रेघ मारली, शेजारी दोन लिहिला, सही केली, तारीख घातली. मग उत्तरेच्या खुर्चीवर बसून गोलंदाजांचा बेस दोन बोटांत धरला. चौघेजण आहेत त्याच्यावर, एकाच्या हातात गज, एकाच्या हातात पेटती बत्ती, आगीचा ठिपका मी नारिंगी रंगाने दिलेला. तो बेस तोफेशेजारी अलगद आडवा ठेवला. पलटण त्यांना ओलांडून तीन इंच पुढे सरकवली.

उठून टेबलाला वळसा घातला आणि दक्षिणेच्या खुर्चीवर जाऊन बसले. डोळे टेबलाच्या पातळीवर आणले. पलटणीच्या पाठी दिसत होत्या, त्यांच्या पुढ्यात जुई आणि असईची मातीची घरं. मागे कोण आडवं पडलंय हे पलटणीतल्या कुणालाही दिसलं नसतं. पहाटेपासून चालत आलेले, काही खाल्लं होतं की नव्हतं कुणास ठाऊक. पत्त्यांतलं वरचं पान उलटलं.

काळं.

फासा हातात घेतला, आणि टाकायच्या आधी आईच्या शिवणाच्या डब्यातून चार टाचण्या आणून नदीच्या कापडाची कड टेबलावरच्या प्लायवूडला पक्की केली.